फ्रिजच्या दारावरचे पिवळे तुकडे

शेडकाका चोरून पितात, ही बातमी इमारतीच्या तळमजल्यावर जन्मली तेव्हा अगदीच लहान होती. कधीमधी घेतात, एवढंच. पहिल्या मजल्यावर ती 'रोज घेतात' झाली, दुसऱ्यावर 'सकाळपासूनच घेतात', आणि तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे खुद्द शेडकाकांच्या दाराशी पोचेपर्यंत त्यांचं लिव्हर पार कुजून गेलं होतं. बातमीचे जनक इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे पुरावा होता. काकांना कापडी पिशवीतून दारूची चपटी बाटली वर नेताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, चांगलं चारदा. आणि आता काकांचे डोळे पिवळे झाले होते. आणखी काय हवं?

बाटली दारूचीच होती, हे खरं. आत टर्पेंटाइन होतं. काका रंगाच्या दुकानात कामाला. घरी ब्रश भिजवायला तिथून थोडं टर्पेंटाइन आणायचे, आणि रिकाम्या बाटल्या पुरवणारा त्यांचा एक जुना पेंटर होता, जो त्या आधी मोठ्या निष्ठेने रिकाम्या करायचा. काकांनी स्वतः उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषध घेतलं तरी हा माणूस संध्याकाळपर्यंत भिंत धरून चालायचा. काकूंनी ती बाटली खाली नेली आणि सेक्रेटरींच्या नाकाखाली उघडून धरली. सेक्रेटरी पाव तास शिंकले, पण शब्द मागे घेतील तर ते सेक्रेटरी कसले. नाक पुसत म्हणाले, "मग त्या वासानं झालं असेल."

हे वाक्य पुढे काकूंनी किती जपलं, ते येईलच.

शेडकाकांना खरं नाव आहे, पण विजेच्या बिलाखेरीज ते कुणी वापरत नाही. एकतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे उभे. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणणार आणि म्हणणार, "अगदी असाच हवा." काका पोपडा घेऊन आधी दुकानाच्या दारात उजेडात जाणार, उलटासुलटा करून बघणार, आणि पांढऱ्या डब्यात कुठल्या स्टेनरचे, म्हणजे मिसळायच्या दाट रंगाचे, किती थेंब हे परत येईपर्यंत मनातच ठरवून टाकणार. मग ढवळायचं, जुन्या शेडकार्डाच्या पाठीवर बोटभर पट्टा ओढायचा आणि थांबायचं. गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. काका म्हणायचे, "ओला आहे. वाळल्यावर सांगतो." दुकानात रंग मिसळायचं मशीन येऊन आठ वर्षं झाली. मशीन आकडा द्यायचं, काका "एक थेंब काळा कमी करा" म्हणायचे, आणि गिऱ्हाईक काकांचा डबा उचलून चालू लागायचं.

ही खोड घरीही होती. काकूंनी हौसेने पडदे आणले की काका म्हणणार, "मोरपंखी कुठला, मोरपंखीत धूळ पडलीय." दुधाच्या पातेल्यात डोकावून म्हणणार, "कालच्यापेक्षा अर्धी शेड निळं आहे, पाणी वाढवलंय त्यानं." इमारतीला रंग काढायचं दोन वर्षं नुसतं चर्चेत होतं. कमिटीने एखादी शेड पक्की केली की काका जिन्यात उभे राहून एकच वाक्य बोलायचे आणि कमिटीत फूट पडायची. सेक्रेटरींचा राग तेव्हापासूनचा.

आणि असल्या माणसाला स्वतःचा पिवळेपणा दिसला नाही. म्हणजे आरशात दिसला होता. त्यांनी बाथरूमच्या बल्बला शिव्या घातल्या आणि बल्ब बदलला. आठवड्याने तोही बदलला. तिसरा बल्ब आणायला निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, आता आरसाच बदला." दुकानात दिवसभर ट्यूबलाइट, घरी बल्ब. उजेडात ते फक्त पोपडे बघायला यायचे, आणि पोपडा बघणारा माणूस स्वतःकडे कशाला बघतो?

बघितलं ते त्या बाटल्यावाल्या पेंटरने. दोघं दुकानाच्या दारात एकाच पोपड्यावर वाकले होते. पेंटरने मान वर केली आणि म्हणाला, "काका, हा पोपडा राहू दे. तुम्ही डोळ्यांत कुठला स्टेनर टाकलात?"

काका समोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशात वाकले. बराच वेळ बघत राहिले. "लेमन," म्हणाले. "आणि जरासा हिरवा मारतोय." मग परत काउंटरमागे गेले, गिऱ्हाइकाचा डबा पुरा केला, पट्टा ओढला, वाळेपर्यंत थांबले, डबा दिला आणि घरी आले. महिनाभर अंगाला खाज येत होती, लघवी चहाच्या रंगाची होत होती, भूक मेली होती, हे सगळं काकूंना त्या दुपारी एकदम कळलं.

पोटाच्या डॉक्टर वयाने काकांच्या भाचीएवढ्या. त्यांनी फाइलच्या मागे पेनने झाड काढलं, फांद्या वर आणि बुंधा खाली.

"ही लिव्हरमधून पित्त खाली आणणारी नळी. इथे, दोन मोठ्या फांद्या मिळतात तिथे, ती चिंचोळी झालीय. पित्त खाली उतरत नाही, रक्तात चढतं. म्हणून पिवळेपणा, म्हणून खाज."

"चिंचोळी कशानं झाली?" काकूंनी विचारलं.

"दोन शक्यता आहेत. एक म्हणजे सूज. शरीर आपल्याच नळीवर उठतं आणि तिची भिंत जाड होते. ती गोळ्यांनी उतरते. दुसरी म्हणजे कॅन्सर. तिथे गोळ्या चालत नाहीत. कापावं लागतं, नळीबरोबर जवळजवळ अर्धं लिव्हर. तेही कापण्यासारखं राहिलं असेल तर."

"मग फोटोत दिसत नाही का, कुठलं आहे ते?"

"दोन्ही सारखीच दिसतात, काकू. तीच चिंचोळी जागा, तीच जाड भिंत. कॅन्सरचा म्हणून रक्तातला एक आकडा असतो, तो वाढलाय. पण नळी तुंबली की तो तसाही वाढतो."

काका इतका वेळ त्या झाडाकडे बघत होते. म्हणाले, "दुकानात दोन डबे ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ दिसतात. बाहेर नेले की एक गुलाबी मारतो, दुसरा हिरवा. तसं काही का?"

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "फक्त आमच्याकडे बाहेर न्यायला उजेड नाही."

तोंडातून दुर्बीण घालून त्या चिंचोळ्या जागेत प्लास्टिकची बारीक नळी बसवली, म्हणजे पित्ताला वाट मिळावी. त्याच वेळी इवल्याशा ब्रशने आतल्या पेशी खरवडून घेतल्या. काकांनी विचारलं, "ब्रश कितीचा? अर्धा इंची?" नर्सला हसू आवरेना. रिपोर्ट आला, त्यावर लिहिलं होतं: संशयास्पद, निश्चित सांगता येत नाही. काका काकूंना म्हणाले, "एकतीस वर्षं ब्रश हाताळले, पण इतका हात राखून बोलणारा ब्रश पाहिला नाही." डॉक्टरांनी पुन्हा एकदा पेशी घेतल्या, चिमटीने नळीच्या भिंतीचे तुकडेही घेतले. तेही काही बोलेनात, तेव्हा तेच नमुने दुसऱ्या मोठ्या लॅबकडे पाठवले. तिथे महिनाभराची रांग होती.

रक्ताची आणखी एक तपासणी होती, त्या सुजेच्या आजाराची. तीही वाढलेली निघाली, पण दुपटीलाही पोचली नव्हती. "चौपट असती तर मी छातीवर हात ठेवून सूज म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "इतकी थोडी कॅन्सरमध्येही वाढते." मग त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता?"

"रंगाच्या दुकानात. रंग, थिनर, टर्पेंटाइन, तेच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या सुजेचे रुग्ण बहुतेक उतारवयाचे पुरुष असतात. आणि त्यांत रंग, रसायनं असल्या कामातली माणसं जरा जास्त दिसतात. पण हा काही पुरावा नाही. यावरून…"

यावरून काय, ते काकूंनी ऐकलंच नाही. एकतीस वर्षं त्या वासाशी त्यांचं वैर होतं. काकांचे शर्ट वेगळ्या बादलीत, काका घरात शिरले की खिडक्या उघड्या, नवं लग्न झालं होतं तेव्हा तर नाकाला पदर लावून निजायच्या. तोच वास आता त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. इमारतीत जो भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, "वासानं झालंय. सूज आहे." जिन्यात सेक्रेटरींना अडवून म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदा ओळखलंत हो. तुमच्या तोंडात साखर पडो." दारूची अफवा उठवल्याबद्दल इतकं कौतुक कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "मी आत्ता कापायला घेतलं आणि ती सूज निघाली, तर तुमचं अर्धं लिव्हर फुकट गेलं. गोळ्या दिल्या आणि कॅन्सर निघाला, तर तेवढा वेळ गेला. मी चार आठवडे देऊ शकते, एक दिवस जास्त नाही. स्टेरॉईड घ्यायचं, चार आठवड्यांनी स्कॅन करायचा. सूज असेल तर वितळेल. ठरवा."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"गोळ्या," काकू म्हणाल्या. विचार करायलाही थांबल्या नाहीत.

"गोळ्या," काका म्हणाले.

तुकड्यांचं प्रकरण त्याच्या दहा दिवस आधीच सुरू झालं होतं, नळी बसवून घरी सोडलं तेव्हा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पिवळेपणा पुन्हा वाढतोय असं वाटलं तर त्याच दिवशी फोन करा. नळी तुंबली आणि आत पू झाला तर जिवाशी येतं."

"थोडासा वाढला तर आम्हाला कसं कळणार?" असं काकूंनी विचारलं. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू बाईने दुसऱ्या दुकानातून डबा आणला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा वाजता काका गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर दाढीचा आरसा, बाजूला पांढऱ्या रंगाचं झाकण आणि स्टेनरच्या तीन बाटल्या. खालची पापणी बोटाने ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघायचा, काडीने रंग जुळवायचा, शेडकार्डाच्या तुकड्यामागे पट्टा ओढायचा. वाळेपर्यंत थांबायचं, पुन्हा डोळ्याशी धरून बघायचं. जुळला की पेन्सिलने तारीख, आणि तुकडा फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली. पहिला तुकडा पिकल्या लिंबासारखा होता. दुसरा त्याहून जरा उतरलेला, तिसरा आणखी. दहा दिवसांत ती रांग अशी फिकी होत गेली, की जुन्या भिंतीवर कुणी रोज पांढऱ्याचा एक हात मारत असावं. शेजारीपाजारी चहाला म्हणून यायचे आणि फ्रिजसमोर हात मागे बांधून उभे राहायचे.

अकराव्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या आणि काकांना भूक लागली. भूक म्हणजे कसली, नवा जावई पहिल्यांदा घरी आल्यावर लाजत लाजत जेवतो तशी नाही, तोच जावई महिनाभर मुक्काम ठोकल्यावर जेवतो तशी. गाल गोल झाले. बडबड वाढली. दाढी करताना गाणी. दुसऱ्या आठवड्याच्या रक्तात पिवळेपणाचा आकडा बराच उतरलेला आला. डॉक्टर म्हणाल्या, "उतरलाय, पण तो आपण बसवलेल्या नळीनेही उतरला असेल. स्कॅन होईपर्यंत काही धरून चालू नका." काकूंनी पहिला शब्द तेवढा घरी आणला. सेक्रेटरींनी इमारतीच्या ग्रुपवर टाकलं: 'शेडकाकांची सूज गोळ्यांनी उतरत आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली सत्तावीस जणांनी हात जोडले.

एका दुपारी काकू पडल्या होत्या. काकांनी फ्रिजवरचे सगळे तुकडे काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. सहज म्हणून. हाताला चाळा.

बघता बघता त्यांचा हात थांबला. पहिल्या तुकड्यापासून दहाव्यापर्यंत रंग झपाझप उतरला होता. दहावा तुकडा गोळीच्या आदल्या दिवशीचा. म्हणजे तेवढं सगळं काम त्या प्लास्टिकच्या नळीचं. गोळ्या सुरू झाल्यावर चार दिवस किंचित, अगदी नखाएवढा उतार. आणि त्यानंतरचे नऊ तुकडे एकाच डब्यातले. दुकानात आलेल्या आंधळ्या गिऱ्हाइकालाही दिसलं असतं. गोळ्यांनी पोट भरलं होतं, गाल भरले होते, घर भरलं होतं. पित्ताच्या नळीपर्यंत काही पोचल्याची खूण मात्र कुठल्याच तुकड्यावर नव्हती.

'वाळल्यावर सांगतो,' ते सवयीने मनाशी म्हणाले. पण तुकडे तर कधीचे वाळलेले.

त्यांनी ते होते तसे परत लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत काकू चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "आज किती?" काकांच्या काडीच्या टोकाला लेमनचा थेंब होता. तो झाकणात पडायला हवा होता. काकांनी काडी फडक्याला पुसली. पट्टा अर्धी शेड फिका निघाला. काकूंनी तो स्वतःच्या हाताने फ्रिजला लावला आणि जराशा मागे होऊन बघत राहिल्या, लेकीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक बघावं तशा. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला चुकीचा डबा दिला नाही, त्याने पहिला खोटा रंग घरच्याच माणसाला दिला.

तिथून रोज दोन तुकडे. खरा दाढीच्या डब्यात, ब्लेडच्या पाकिटांखाली. खोटा फ्रिजवर. काकांनी खुर्चीची दिशा बदलली, उजेड पाठीमागे घेतला. पेपर आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली वाचू लागले. कुणी भेटायला आलं की काळा चष्मा लावायचे. "गोळ्यांनी डोळे चुरचुरतात." सेक्रेटरी म्हणाले, "काका, हिरो दिसता." काका म्हणाले, "हिरोच आहे. शेवटच्या सीनपर्यंत कुणी मला हात लावत नाही."

स्कॅनच्या चार दिवस आधी खरा तुकडा एक शेड वर चढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. खाज परत आली. काकू स्वयंपाकघरात असल्या की काका दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. फोन त्याच दिवशी करायचा होता, हे त्यांना पाठ होतं. दोनदा हातात घेतला. पण त्याच सकाळी काकू भिंतीकडे बघून म्हणाल्या होत्या, "तुम्ही बरे झालात की स्वयंपाकघराला रंग काढू या. रंगाच्या दुकानात नोकरी, आणि घराला एकतीस वर्षांत दोनदा रंग. आता शेड मी निवडणार, तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत," काका म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

चार आठवडे पुरे झाले त्या सकाळी स्कॅन झाला. दुपारी डॉक्टरांच्या खोलीत काका खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले. उजेड तोंडावर आला. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"काका, चष्मा काढा. हे कधीपासून?"

"चार दिवस."

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? त्याच दिवशी फोन करा म्हणाले होते. नळी तुंबलीय. एखादी थंडी वाजून आली असती तर दोन दिवसांत संपलं असतं."

काकांनी शर्टाच्या खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढला आणि खरे तुकडे टेबलावर तारखेने मांडले. काकू जमिनीकडे बघत होत्या. डॉक्टरांनी सगळे तुकडे बघितले, शेवटचा उचलून काकांच्या डोळ्याशी धरला आणि हळूच खाली ठेवला.

"तुम्हाला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"संशयास्पद," काका म्हणाले. "निश्चित सांगता येत नाही."

मग डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. चिंचोळी जागा तसूभरही मोकळी झाली नव्हती. उलट वर दोन्ही फांद्यांत सरकली होती. लिव्हरमध्ये तीन ठिपके होते, आधीच्या स्कॅनमध्ये न दिसलेले. आणि दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळी आला होता. त्यात आता हात राखलेला नव्हता. "सूज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर आहे. आणि आता कापता येणार नाही. नवी नळी उद्याच बसवू, त्याने खाज जाईल, पिवळेपणा उतरेल. केमो देऊ शकतो. त्याने काही महिने…"

"आधीच कापलं असतं तर?" काकू म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी बहुतेक घरूनच आणला होता. "गोळ्या मी म्हणाले. हे नाही, मी."

डॉक्टरांनी खुर्ची काकूंकडे वळवली. "काकू, ते तीन ठिपके तेव्हा नव्हते, की होते आणि दिसत नव्हते, हे मला सांगता येत नाही. मी खोटं बोलून तुम्हाला बरं वाटवू शकते. पण मला माहीत नाही. महिनाभर मीही तेच विचारतेय स्वतःला."

काकांनी तुकडे गोळा करून पुन्हा रबर लावलं. एक तुकडा टेबलाखाली पडला होता, तो डॉक्टरांनी वाकून उचलून दिला.

घरी आल्यावर दोघं स्वयंपाकघरात बसले. काकूंनी चहा ठेवला आणि गॅस पेटवायचा विसरल्या. समोर फ्रिजचं दार, त्यावर ती फिकी होत गेलेली रांग. शेवटचा तुकडा जवळजवळ पांढरा.

"यातले शेवटचे खोटे आहेत," काका म्हणाले. "मी तुला फसवलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशीसुद्धा तुमचे डोळे इतके पांढरे नव्हते." काकू टेबलावरची न सांडलेली साखर पुसत होत्या. "उशीचे अभ्रे पिवळे पडतात, ते कोण धुतं? चौकटीला पाठ घासता, आवाज येत नाही वाटतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज बसून इतकं मन लावून रंगवत होतात. म्हटलं, असू दे. आपण बोललो की संपलं." मग त्यांचा हात थांबला. "पण फोन मी करायला हवा होता हो. चार दिवस मलाही दिसत होतं. मीही नाही केला."

काका उठले, गॅस पेटवला आणि चहा उकळेपर्यंत तिथेच उभे राहिले. काकूंनी फ्रिजवरचे खोटे तुकडे एकेक करून काढले. खरे लावले नाहीत. आधीचे तेवढे राहू दिले, लिंबापासून फिक्यापर्यंतचे, त्या दिवसांत घरात कुणी खोटं बोललं नव्हतं म्हणून.

नवी नळी बसली, खाज गेली. केमोचे दोन डोस झाले. तिसऱ्याच्या वेळी काकांना जिना उतरवेना, तेव्हा डॉक्टरांनीच थांबा म्हणून सांगितलं. गोळ्यांनी आलेले गाल गेले, आणि आधीचे होते तेही त्यांच्याबरोबर गेले. पेंटर दर दोन दिवसांनी येऊन पायाशी बसायचा. रिकाम्या बाटल्या आता कुणाला द्यायच्या, असं एकदा म्हणाला आणि मग उगाच बराच वेळ खोकत बसला. सेक्रेटरींनी ग्रुपवरचा तो नोंद घ्यावीचा मेसेज गुपचूप पुसून टाकला. काकूंनी स्वयंपाकघराच्या रंगाचं नाव पुन्हा काढलं नाही. दुपारी कधीतरी त्या काकांचा जुना शर्ट बादलीतून काढून नाकाशी धरायच्या. वास केव्हाच धुऊन गेला होता.

आणि नेमका याच दिवसांत इमारतीला रंग काढायचा मुहूर्त लागला. आवाराच्या भिंतीवर तीन शेडचे तीन चौकोन मारले. कमिटीत पुन्हा फूट, या वेळी काकांनी तोंड न उघडता. शेवटी सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर चढून आले. काका गॅलरीत गुडघ्यांवर चादर घेऊन बसले होते. सेक्रेटरींनी दोनदा घसा साफ केला. बाटलीबद्दल काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं, असं काकूंना वाटलं. निघालं ते वेगळंच.

"काका, तब्येत काय म्हणते?"

"तिचं ठरलंय. तुमच्या कमिटीचं बोला."

"तेच तर. तिन्हीतला कुठला घ्यायचा ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तो. पण आत्ता सांगा हो, कंत्राटदार खाली खोळंबलाय."

काकांनी कठड्याला धरून मान पुढे केली. खालचे चौकोन नुकतेच मारलेले, उन्हात चमकत होते. त्यांनी ते बघितले, नेहमीसारखे, डावीकडून उजवीकडे आणि परत. मग मागे टेकले.

"ओले आहेत अजून," काका म्हणाले. "वाळल्यावर तुम्हीच बघून घ्या. तुम्हाला तेवढी नजर नाही, पण मला तेवढा वेळ नाही."